निघाली की काढली?



आमच्या सल्ला केंद्रात पहिल्यांदा येणाऱ्या बाईची माहिती लिहून घेण्यासाठी एक छापील फॉर्म आहे. फार पूर्वी कुणीतरी तो एका इंग्रजी नमुन्यावरून मराठीत केला आणि तेव्हापासून आम्ही त्याच्या झेरॉक्स काढत आलो. नाव, वय, शिक्षण, लग्नाची तारीख, मुलं किती, आणि मग नववा रकाना : 'घर सोडल्याचा दिनांक'. एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत बाईशी कसं बोलावं, किती वेळ गप्प बसावं, नोंदी कशा ठेवाव्यात हे सगळं शिकवलं गेलं. छापील रकान्याकडे संशयाने बघायला मात्र कुणी शिकवलं नाही. मीसुद्धा तो नववा रकाना शेकडो वेळा निमूटपणे भरला आहे.

गेल्या वर्षी या रकान्याने मला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात गाठलं. पोळीभाजी केंद्रात काम करणारी, दोन मुलांची आई असलेली एक बाई सव्वातीन वर्षांपूर्वी आमच्याकडे आली होती. रात्री अकराच्या सुमारास नवऱ्याने आणि दिराने तिला मुलांसह दाराबाहेर ढकललं आणि आतून कडी लावली. सकाळपर्यंत ती जिन्यात बसून होती. मग भाऊ येऊन घेऊन गेला. चौथ्या दिवशी ती केंद्रात आली आणि मी नवव्या रकान्यात तारीख लिहिली. पुढे लिहिलं, 'सध्या माहेरी'. कौटुंबिक हिंसाचाराच्या अर्जाला हा फॉर्म आम्हीच पुरावा म्हणून जोडला. नंतर नवऱ्याने घटस्फोटाचा दावा टाकला. कारण काय, तर बायकोने घर सोडलं, वारंवार बोलावूनही ती परत आली नाही! उलटतपासणीत त्याच्या वकिलांनी तो कागद माझ्यासमोर धरला. "हे अक्षर तुमचंच ना? 'घर सोडल्याचा दिनांक' हे शब्द तुमच्याच संस्थेचे ना? म्हणजे बाईंनी घर सोडलं, असंच तुम्ही त्या वेळी नोंदवलंत." मी नाही म्हटलं, रकाना छापील आहे म्हटलं, जिन्यातली रात्र सांगायचा प्रयत्न केला. "हो की नाही एवढंच सांगा," असं झालं. टंकलेखकाने काय टिपून घेतलं ते मी नंतर वाचलं आणि दोन रात्री झोपले नाही.

हिंदू विवाह कायद्याखाली सलग दोन वर्षं जोडीदाराला सोडून राहणं हे घटस्फोटाचं कारण आहे. इंग्रजीत त्याला 'डिझर्शन' म्हणतात, सरकारी मराठीत 'अभित्याग'. पण नुसतं वेगळं राहणं म्हणजे अभित्याग नव्हे. वेगळं राहणं हवंच, शिवाय नातं कायमचं तोडण्याचा हेतूही हवा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५६ सालीच सांगून ठेवलंय. इंग्लंडच्या न्यायालयांतून आपल्याकडे आलेली आणखी एक कल्पना आहे. एकाने दुसऱ्याला राहणं अशक्य केलं आणि त्यामुळे दुसऱ्याला बाहेर पडावं लागलं, तर सोडून जाणारा तो पहिलाच. तो स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच पलंगावर बसून असला तरी! कायदा इतका शहाणा आहे. पण या शहाणपणाचा उपयोग व्हायचा तर कुणी कुणाला काढलं हे कागदावर असावं लागतं. आमच्या कागदावर ते नव्हतं.

त्यानंतर मी जुन्या फायली उघडून बसले. बायका जे बोलल्या ते, आणि आम्ही किंवा पोलीस चौकीने जे लिहिलं ते, असं शेजारी शेजारी ठेवून पाहिलं. बाई म्हणते, "मला काढून दिलं," "हाकललं," "माहेरच्या फाट्यावर आणून सोडलं," "नांदवत नाहीत." कागद म्हणतो, 'अर्जदार माहेरी निघून आली', 'किरकोळ वादावरून घर सोडले', 'पती-पत्नी विभक्त राहतात'. आपल्या मराठीत क्रियापदांच्या जोड्या आहेत. पडणं आणि पाडणं, तुटणं आणि तोडणं, निघणं आणि काढणं. जोडीतलं दुसरं क्रियापद वापरलं की लगेच प्रश्न येतो, कुणी? पहिलं वापरलं की तो प्रश्नच उरत नाही. झोपडी पडली म्हटलं की पावसाने पडली असेल. झोपडी पाडली म्हटलं की पाडणारा सांगावा लागतो. बायका बोलताना बहुधा दुसरं क्रियापद वापरतात आणि आपण लिहिताना पहिलं. त्यात आपला वाईट हेतू नसतो. 'तटस्थ' भाषेची आपल्याला सवय लावलेली असते आणि ते सभ्यपणाचं लक्षण वाटतं, इतकंच.

'टाकलेली' हा शब्द तर आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. १९८८ मध्ये संगमनेरला परित्यक्तांची परिषद भरली तेव्हा अशा बायका उघडपणे एकत्र आल्या आणि आपल्याला टाकणाऱ्याबद्दल बोलल्या. त्याआधी गावोगाव त्या होत्याच, पण प्रत्येकीच्या गळ्यात तो शब्द तिच्याच दोषासारखा अडकवलेला होता. टाकलेली कोण ते गावाला पाठ, टाकणारा मात्र दुसरं लग्न करून पंगतीत बसलेला. त्याला कुणी 'टाकणारा' म्हणून हाक मारल्याचं तुम्ही ऐकलंय?

कोर्टाच्या प्रसंगानंतर मी इंग्रजीकडेही वळले, कारण फॉर्म आला तिथूनच आणि कायदाही तिथूनच. घालवून देण्यासाठी त्या भाषेत शब्दांची रास आहे. शब्दकोशात त्यांची मुळं बघताना मजा वाटायला लागली आणि मग मजा वाटेनाशी झाली. 'इव्हिक्ट' हा शब्द लॅटिनमधल्या जिंकण्यापासून आला. हरवून बाहेर काढणं, तेही कायद्याच्या मार्गाने. 'इजेक्ट' म्हणजे बाहेर फेकणं, 'एक्स्पेल' म्हणजे हाकणं, 'डिपोर्ट' म्हणजे उचलून दूर नेणं. 'डिस्पझेस' म्हणजे ताबा काढून घेणं. 'रिमूव्ह' हा त्यातला सगळ्यात साळसूद. तो टेबलाला लागतो, डागाला लागतो आणि माणसांनाही लागतो. पण मला थांबवलं ते 'एलिमिनेट'ने. स्पर्धेत बाद करणं, नामशेष करणं हे त्याचे अर्थ आपल्याला माहीत आहेत. त्याचं मूळ आहे उंबरठा. लॅटिनमध्ये उंबरठ्याला 'लिमेन' म्हणतात आणि 'एलिमिनेट' म्हणजे मुळात उंबरठ्याबाहेर घालणं. नामशेष होण्याची सुरुवात उंबरठ्यावरून होते, हे जिन्यात रात्र काढलेल्या बाईला शब्दकोशाशिवाय कळलेलं असतं.

इंग्रजी कायद्यातली आणखी एक गंमत सांगते. जमिनीवरून घालवून दिलेल्या माणसासाठी तिथे 'इजेक्टमेंट' नावाचा दावा असे. तो चालवण्यासाठी जॉन डो नावाचा एक काल्पनिक भाडेकरू उभा करत, त्याला दुसऱ्या काल्पनिक माणसाने बाहेर काढलं असं मानत आणि मग खऱ्या मालकीचा वाद ऐकत. शेकडो वर्षं न्यायाधीशांनी या अस्तित्वातच नसलेल्या गृहस्थांचं गाऱ्हाणं गंभीरपणे ऐकलं. १८५२ मध्ये कुठे हा खेळ बंद झाला. आणि त्याच काळात तिथल्या विवाहित बाईला स्वतःच्या नावाने स्वतंत्रपणे दावासुद्धा लावता येत नव्हता, कारण नवरा आणि बायको मिळून कायद्याला एकच व्यक्ती दिसे. ती व्यक्ती कोणती, हे वेगळं सांगायला नको.

बायकोला घरातून काढता येणार नाही असं इंग्लंडच्या कायद्याने स्पष्ट म्हटलं ते १९६७ मध्ये. त्याच्या दोनच वर्षं आधी तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने, म्हणजे हाउस ऑफ लॉर्ड्सने, नवऱ्याने सोडलेल्या आणि त्याच घरात राहणाऱ्या एका बाईविरुद्ध बँकेच्या बाजूने निकाल दिला होता. घर बँकेकडे गहाण पडलं होतं, आणि तिचा तिथे राहण्याचा हक्क नवऱ्यापुरता, बँकेला तो बांधील नाही, असं ठरलं. त्यावर उपाय म्हणून वैवाहिक घराचा कायदा झाला. त्यात म्हटलं, की घरात राहणाऱ्या जोडीदाराला दुसऱ्या जोडीदाराने न्यायालयाच्या परवानगीशिवाय 'इव्हिक्ट' किंवा 'एक्स्क्लूड' करता कामा नये. ही जोडी लक्षात ठेवा. बाहेर काढू नये, आणि आत येण्यापासून अडवूही नये. दार उघडून ढकलणं एक, आणि ती बाजारात गेली असताना कुलूप बदलणं दुसरं. दोन्ही त्यात आलं.

या कायद्याने घरातला राहण्याचा हक्क 'रेग्युलेट' करण्याचा, म्हणजे नियमित करण्याचा, अधिकार न्यायालयाला दिला होता. १९७२ च्या सुमारास मारहाण करणाऱ्या नवऱ्यालाच घराबाहेर काढा, अशी मागणी घेऊन एक प्रकरण लॉर्ड्सपर्यंत गेलं. उत्तर मिळालं, की नियमित करणं म्हणजे मनाई करणं नव्हे, घर त्याचं आहे, त्याला पूर्ण बाहेर काढता येणार नाही. एका क्रियापदावर बाई हरली. मग १९७६ मध्ये जो रिचर्डसन या खासदार बाईंनी मांडलेल्या विधेयकातून कायदा झाला आणि तो शब्द बदलून मनाई करणं, स्थगित करणं, मर्यादा घालणं असे तीन शब्द घातले गेले. १९७१ मध्ये लंडनच्या चिझिकला मार खाणाऱ्या बायकांसाठी पहिला आसरा उघडला होता आणि त्यातून देशभर चळवळ उभी राहिली होती. तिच्या रेट्याशिवाय हे शब्द बदलले नसते.

आता आपला २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा उघडा आणि कलम १७ इंग्रजीत वाचा. पीडित बाईला सामायिक घरातून किंवा त्याच्या कोणत्याही भागातून कायद्याने ठरवलेल्या मार्गाशिवाय 'इव्हिक्ट' किंवा 'एक्स्क्लूड' करता येणार नाही. तीच जोडी! अडतीस वर्षांनी ती आपल्याकडे आली. आणि ती आणण्यासाठी इथल्या बायकांनी, वकील मैत्रिणींनी वर्षानुवर्षं मसुदे लिहिले आणि फाडले. कलम १९ मध्ये 'डिस्पझेस' आहे. घरावर नवऱ्याची मालकी असो वा नसो, तिचा ताबा त्याने हिसकावू नये. मालकी नाही, ताबा. आपल्या बहुतेक बायकांच्या नावावर घर नसतं, पण चूल, मोरी, माळा, पाण्याची वेळ हे सगळं त्यांच्या ताब्यात असतं, म्हणून हा शब्द मोलाचा आहे.

त्याच कलमात नवऱ्याला बाहेर काढण्याचीही सोय आहे. तिथे मात्र इंग्रजी अचानक अदबशीर होतं. बाईच्या बाबतीत 'इव्हिक्ट'. पुरुषाच्या बाबतीत, न्यायालय त्याला घरातून 'स्वतःला दूर करण्याचा' आदेश देईल, 'रिमूव्ह हिमसेल्फ'. म्हणजे साहेब, आपण जरा बाजूला व्हाल का? मसुदा लिहिणाऱ्यांच्या मनात हे नसेलही. पण असा आदेश मागताना आमचा वकील ज्या संकोचाने बोलतो, आणि 'त्याने कुठे जायचं?' असा प्रश्न ज्या तत्परतेने पुढे येतो, तो पाहिला की शब्द उगाच पडलेले नाहीत असं वाटतं. जिन्यातल्या बाईबद्दल हा प्रश्न त्या रात्री इमारतीतल्या एकाही शेजाऱ्याने विचारला नव्हता.

कायदा लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ ला आणि सात आठवड्यांत, १५ डिसेंबरला, सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्याचा उंबरठाच वर उचलला. सामायिक घर म्हणजे नवऱ्याच्या मालकीचं, त्याने भाड्याने घेतलेलं, किंवा तो ज्या एकत्र कुटुंबाचा सदस्य आहे त्याचं. सासूच्या नावावरचं घर त्यात बसत नाही. व्याख्येचा मसुदा गबाळा आहे, असाही शेरा मारला. त्यानंतर काय झालं ते आपण प्रत्येकीने पाहिलंय. घर सासूच्या नावावर आहे असं सांगितलं की सुनेचा अर्ज गार! काही ठिकाणी तर भांडण सुरू झाल्यावर घर घाईघाईने सासूच्या नावावर झालं. हा निकाल रद्द ठरवायला १५ ऑक्टोबर २०२० उजाडावं लागलं. तीन न्यायमूर्तींनी सांगितलं, की नातेवाइकाच्या मालकीचं असलं तरी सून तिथे संसार म्हणून स्थिर राहत असेल तर ते सामायिक घरच. मात्र वृद्ध सासू-सासऱ्यांच्या हक्कांचाही तोल सांभाळावा लागेल, हेही त्यातच आहे. त्याच डिसेंबरमध्ये आणखी एक निकाल आला. ज्येष्ठ नागरिकांसाठीचा २००७ चा कायदा वापरून झटपट कार्यवाहीत सुनेला घराबाहेर काढून तिचा सामायिक घरातला हक्क संपवता येणार नाही. आणि मे २०२२ मध्ये ठरलं, की बाई त्या घरात प्रत्यक्ष कधी राहिलीच नसली तरी राहण्याचा हक्क तिला मागता येतो. लग्नाच्या दिवसापासून दारातच अडवलेल्या मुलींसाठी हे फार महत्त्वाचं आहे. मधली चौदा वर्षं ज्यांची गेली त्यांना ती कुणी परत देणार नाही.

हे सगळं मी वस्तीतल्या बैठकीत सांगत होते तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "ताई, मला दोनदा काढलंय. एकदा नवऱ्याने, एकदा म्युनिसिपालटीने. म्युनिसिपालटीने निदान कागद तरी चिकटवला होता." बायका हसल्या. पण तो कागदही आपोआप आलेला नाही. १३ जुलै १९८१ ला, भर पावसाळ्यात, मुख्यमंत्री अंतुले यांनी जाहीर केलं, की मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांना जबरदस्तीने 'इव्हिक्ट' करून आपापल्या मूळ गावी 'डिपोर्ट' करू, नाहीतर मुंबईबाहेर 'रिमूव्ह' करू. एका वाक्यात तीन शब्द. त्यातला 'डिपोर्ट' तर देशाबाहेर पाठवायच्या परक्या माणसासाठी वापरतात! पत्रकार ओल्गा टेलिस, काही फुटपाथवासी आणि नागरी हक्क संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात कलम ३१४ होतं, विनानोटीस हटवण्याची मुभा देणारं. १० जुलै १९८५ च्या निकालात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड आणि सहकाऱ्यांनी म्हटलं, की उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो, नोटीस न देणं हा अपवाद असू शकतो, नियम नव्हे, आणि ही माणसं फुटपाथवर हौसेने राहत नाहीत, परिस्थिती त्यांना तिथे आणते. हटवायची परवानगी मात्र दिलीच, फक्त पावसाळा संपेपर्यंत थांबायला सांगितलं. त्याच वर्षी 'स्पार्क' संस्थेने फुटपाथवासीयांची पाहणी प्रसिद्ध केली आणि पुढच्या वर्षी भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायकांनी 'महिला मिलन' उभारलं.

भाडेकरूचंही तसंच. महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात भाडं थकवणाऱ्यालाही आधी नोटीस द्यावी लागते आणि नव्वद दिवस उलटल्याशिवाय त्याच्यावर दावा लावता येत नाही. ते दावे चालतात किती वर्षं, हे मुंबईकरांना सांगायला नको. म्हणजे परका माणूस घरातून काढायचा तर नोटीस, तारीख, हुकूमनामा, बेलिफ. घरातली बाई काढायला एक धक्का आणि एक कडी पुरते. फुटपाथसाठी चार वर्षं लढून जी एक नोटीस मिळवली गेली, तीसुद्धा घराच्या आत कधी पोचली नाही. कलम १७ मधल्या 'कायद्याने ठरवलेल्या मार्गाशिवाय' या शब्दांचा अर्थ तोच आहे. चौकीवर जाऊन आपण एवढंच विचारायचं असतं, हिला काढण्याचा हुकूम कुणाकडे आहे? दाखवा.

एक सावधगिरी मात्र आपल्या बाजूनेही हवी. प्रत्येक बाईला हाकललेलं नसतं. काही जणी खरंच निघालेल्या असतात. डोळे उघडे ठेवून, मुलाला कडेवर घेऊन, मार पुरे झाला म्हणून. त्यांच्या फॉर्मवर 'हाकलून दिले' लिहिणं खोटं आहेच, शिवाय त्यांच्या धाडसाचा तो अपमान आहे. अशा बाईने 'मी निघाले' म्हणावं आणि का निघाले ते पुढे लिहावं. राहणं अशक्य केलं गेलं होतं हे कायदा ऐकतो. आपल्या सोयीसाठी तिचं क्रियापद बदलण्याचा अधिकार आपल्यालाही नाही.

आम्ही फॉर्म बदललाय. नवव्या रकान्याच्या जागी आता मोकळ्या ओळी आहेत : बाई घराबाहेर कशी आली, तिच्याच शब्दांत. बाहेर कुणी काढलं, किती वाजता, दार कुणी लावलं, कुलूप बदललं का, कुणी पाहिलं, परत जायचा प्रयत्न केला तेव्हा काय झालं. कौटुंबिक घटना अहवालाच्या सरकारी नमुन्यात घराबाहेर काढणं आणि घराचा वापर करू न देणं हे आर्थिक हिंसेच्या सदरात येतं. संरक्षण अधिकारी ते अनेकदा कोरं ठेवतात, म्हणून आपण शेजारी बसून भरून घ्यायचं. चौकीवर 'निघून आली' असं लिहिलं जात असेल तर सही करण्याआधी वाचून दाखवायला सांगायचं. तुमच्या केंद्रांचे फॉर्म काढून बघा आणि आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकात आपण ते शेजारी शेजारी छापू.

जिन्यात बसलेल्या त्या बाईचा खटला अजून चालू आहे. नवा फॉर्म पहिल्यांदा तिलाच वाचून दाखवला. तिने शेवटपर्यंत ऐकला आणि विचारलं, "मुलांची दप्तरं आतच राहिली होती. चाचणी परीक्षा होती दुसऱ्या दिवशी. ते कुठे लिहायचं?" त्याला जागा नव्हती. बाईचं स्त्रीधन आणि इतर चीजवस्तू परत देण्याचा आदेश कलम १९ खालीच मागता येतो, हे आम्हाला माहीत होतं आणि तरी आम्ही विसरलो होतो. आता तळाशी आणखी चार ओळी वाढवल्या आहेत : घरात काय काय राहिलं.